दंडकसाहेबांनी नाकारलेली रजा

डबिंगच्या स्टुडिओत तिला सगळे दंडकताई म्हणत. नाव रेकॉर्डिस्टने पाडलं आणि ते असं चिकटलं, की चहा आणणाऱ्यापासून मालकापर्यंत कुणालाच तिचं खरं नाव पटकन आठवत नसे. दंडक हा एका कार्टून मालिकेतला यंत्रमानव. हातपाय दुमडले, डोकं छातीत ढकललं, की त्याचा ट्रक व्हायचा, चुकीच्या जागी लावलेल्या गाड्या उचलून नेणारा. पुन्हा उलगडला की छातीवर पिवळे-काळे पट्टे घेऊन कमरेवर हात ठेवून उभा. बाकीचे यंत्रमानव दुष्टांशी लढत, हा आपल्याच मित्रांना अडवी. शहर पेटलेलं असलं तरी रस्ता पट्ट्यांवरूनच ओलांडा म्हणून हटून बसे. त्याचं एक वाक्य पोराटोरांच्या तोंडी बसलं होतं: "नियम माझा नाही. मी नियमाचा."

हा आवाज बाईचा आहे हे सांगूनही कुणाला पटत नसे. वयात येताना मुलांचा आवाज फुटतो तसा तिचा फुटला होता आणि पुन्हा सांधला गेलाच नव्हता. खरं तर भूमिका एका धिप्पाड नटासाठी होती. त्याचा घसा बसला म्हणून हिला तात्पुरतं माइकसमोर उभं केलं.

"कडक हवा, पण दुष्ट नको," दिग्दर्शक काचेपलीकडून म्हणाला. "त्याला कुणाचाही राग आलेला नाही, हे लक्षात घ्या."

तिने पोलीस करून पाहिला, हेडमास्तर करून पाहिला, बँकेच्या दारातला रखवालदार करून पाहिला.

"ताई, हा तर शिट्टी अडकलेला कुकर वाटतोय," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

मग तिने डोळे मिटले. समोर दवाखान्याच्या वॉर्डचं दार आलं. दारात पांढऱ्या कपड्यांतली आई. हात वर, तळवा समोर. कुणाला न शिवता सगळ्यांना मागे सारणारा. "भेटायची वेळ संपली आहे." स्वर वर नाही, खाली नाही. फक्त शेवटच्या शब्दाआधी एक बारीकशी फट, जणू तो शब्द कपाटातून काढून आणावा लागतो. तिने तो स्वर उचलला, थोडा खाली उतरवला आणि दंडकाच्या तोंडात घातला.

"हे कुठून आणलंत?" रेकॉर्डिस्टने विचारलं.

"घरून," ती म्हणाली.

घर म्हणजे ती आणि आई. वडील आधी लांब असत, नंतर नव्हतेच. आई वॉर्डची मोठी सिस्टर. ही शाळेतून येई, गळ्यातल्या किल्लीने दार उघडी, झाकून ठेवलेलं दूध-पाव खाई आणि खिडकीत जाऊन बसे. ड्युटी संपल्यावर आईने निघावं, तर पुढच्या पाळीची सिस्टर उशिरा येई. ती आली की एकेका पेशंटची हकिगत, एकेक बाटली, एकेक थर्मामीटर तिच्या ताब्यात द्यायचं. चार्ज दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही, हा नियम. बाकीच्या सिस्टर तो मोडत, आई मोडत नसे. खिडकीतून रस्ता दिसेनासा झाला, की मगच जिन्यात तिची पावलं वाजत.

एकदा हिला ताप भरला. अंग नुसतं फणफणलेलं. शेजारणीने दवाखान्यात फोन केला. आई आली ती नेहमीच्याच वेळी, अंधार पडल्यावर. फिनाइलचा वास येणारा हात तिने कपाळावर ठेवला आणि विचारलं, "गोळी घेतलीस?" पोरीने छताकडे बघत मान हलवली. त्या दिवशी तिला आपली जागा कळली. आधी वॉर्ड, मग आपण. ती रडली नाही, भांडली नाही, तिने फक्त ते जपून ठेवलं. लहान मुलाचा सूड एवढासाच असतो, पण तो उगवेपर्यंत माणूस केस पांढरे करून बसतं.

मालिकेचा पहिला भाग तिने आईला मुद्दाम दाखवला. आई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. चष्मा लावून, पाठ ताठ ठेवून तिने तो शेवटपर्यंत पाहिला. दंडकाने आपल्याच जिवलग मित्राला चुकीच्या बाजूने चालला म्हणून बेड्या घातल्या आणि सगळे यंत्रमानव त्याला हसले.

"ह्याचं चुकलं काय?" आईने विचारलं.

"आई, तो विनोदी आहे."

"असेल." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आवाज छान काढलायस. कुणाचा आहे?"

"कुणाचाच नाही."

"असं," आई म्हणाली आणि उठून कपबशा विसळायला गेली. त्यावर दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

आई विसरायला लागली ती बाहेरून आत. आधी दुकानदारांची तोंडं गेली, मग रस्ते, मग स्वतःच्याच घराचा जिना. मग मुलगी. पण मुलगीसुद्धा सगळी गेली नाही. फक्त मोठी झालेली गेली. लहान होती ती राहिली.

दिवसा आईजवळ बसायला एक मावशी येऊ लागली. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. आई तिलाही दाद देईना. आंघोळीचं नाव काढलं की दाराची कडी धरून बसे. "मी नर्स आहे, मला स्वच्छता शिकवू नका." संध्याकाळी दंडकताई स्टुडिओतून येई, चपला काढता काढता म्हणे, "आई, मी आले गं." आई तिच्याकडे बघे, हात वर करी, तळवा समोर. "बाई, भेटायची वेळ संपली आहे." तीच फट, त्याच जागी. इतकी वर्षं त्या आवाजाची नक्कल करून पोट भरलं, आणि अस्सल पुढ्यात आल्यावर कळलं की नक्कल किती फिकी होती. अस्सल आवाजात थकवा होता. तो तिला कधी ऐकूच आला नव्हता.

फ्रिजवर दंडकाचं खेळणं उभं असे. खेळणी विकणाऱ्या कंपनीने कलाकारांना एकेक वाटलं होतं. छातीवरचं बटण दाबलं की ते दोन-तीन वाक्यं बोले. एक दिवस धूळ पुसताना मावशीचं बोट त्या बटणावर पडलं.

"रांगेत उभे राहा. नियम माझा नाही. मी नियमाचा."

आई खुर्चीतून उठली. हात सरळ खाली, नजर समोर. "हो साहेब," ती म्हणाली.

"ताई, मी तर जागच्या जागी थिजले," मावशीने संध्याकाळी सांगितलं. "मला म्हणतात हात लावलास तर हात मोडीन, आणि त्या प्लॅस्टिकच्या बाहुल्याला हो साहेब. मुकाट आंघोळीला गेल्या. साबणसुद्धा मागून घेतला."

खेळण्याला जेवा म्हणता येत नव्हतं, गोळी घ्या म्हणता येत नव्हतं. म्हणून दंडकताई स्वयंपाकघराच्या लाकडी पार्टिशनमागे उभी राहिली आणि तो आवाज काढून म्हणाली, "सिस्टर, जेवायची वेळ झाली... आहे." आई ताटावर येऊन बसली. मावशी तोंडावर हात दाबून हसत राहिली. दंडकताईही हसली. पहिले काही आठवडे त्या घरात बरंच हसू झालं.

एकच पथ्य होतं. खेळणं उलगडून उभं असायला हवं. ते दुमडून ट्रक झालेलं असलं तर आई म्हणे, "साहेब राऊंडला गेलेत," आणि मग कितीही आवाज काढा, पालथ्या घड्यावर पाणी. मावशीला ते उलगडणं कधी जमलं नाही. "ह्याचा पाय कोणता नि चाक कोणतं, एवढं जरी देवाने ह्याच्या अंगावर लिहून ठेवलं असतं," ती कुरकुरे. आईला मात्र जमे. स्वतःच्या गाऊनची बटणं लावता न येणारी बोटं त्या सांध्यांवरून अचूक फिरत. ड्युटी संपली असं वाटलं की ती स्वतःच साहेबांना दुमडून ठेवी.

मग एका संध्याकाळी, भिंतीवरचं ऊन तांबूस झालेलं असताना, आई फ्रिजसमोर येऊन उभी राहिली. दंडकताई पार्टिशनमागे कांदा चिरत होती.

"साहेब, बोलू का?"

आईने आपणहून साहेबांशी बोलायची ही पहिलीच वेळ. "बोला," दंडकताईने आवाज काढला.

"आज जरा लवकर सोडाल का? माझी पोर घरी एकटी आहे."

सुरी थांबली.

"सारखं विचारणं बरं दिसत नाही, कळतं मला," आई अदबीने म्हणत होती. "मागे तिला ताप होता तेव्हाही मी विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात. मी परत शब्द काढला नाही. पण ती खिडकीत बसून राहते हो. शेजारीण सांगत होती, हाक मारली तरी उठत नाही."

आई उत्तराची वाट बघत उभी राहिली, मग "बरं साहेब" म्हणून खुर्चीत जाऊन बसली. दंडकताईने चिरलेला कांदा तसाच ठेवला. आईने विचारलं होतं. कुठल्या साहेबाने, कुठल्या टेबलामागून नाही म्हटलं होतं, ते आता कुणाला विचारणार? आणि घरी येऊन आईने हे कधी तोंडातून काढलं नाही. आपल्याला कुणी नाही म्हणू शकतं, हे पोरीला कळू नये म्हणून असेल. किंवा पोरीने विचारलं नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी माइकसमोर तिची जीभ वळेना. साधं वाक्य, पुन्हा पुन्हा चुकलं.

"आज दंडकाला रजा देऊ या का?" रेकॉर्डिस्टने हेडफोन काढत विचारलं. "की सरळ तो दारातून आत येतो तिथपासून सीन परत घेऊ?"

तो आपला गमतीत बोलला. तिच्या डोक्यात मात्र ते रुतून बसलं. तिचं आयुष्य त्यातच गेलं होतं. एक वाक्य बिघडलं की ते तेवढंच कापायचं, नवं बोलायचं, तिथे जोडायचं. ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही.

तिने मावशीला संध्याकाळी थांबवून घेतलं. "मी आईला रजा देते. तुम्ही तिला खाली न्या, इमारतीला वळसा घाला आणि परत वर आणा. दार मी उघडेन."

"आणि मग?"

"मग काय? आई घरी आलेली असेल."

"ताई, तुमच्या त्या मशीनवर होत असेल असं. माणसाचं होतं का?"

"एकदा करून तर बघू."

ऊन तांबूस झालं. आई फ्रिजसमोर आली. "साहेब, बोलू का? आज जरा लवकर..."

"रजा मंजूर... आहे."

आईने मान वर केली. तिला ते खरं वाटेना. मग तिचे हात एकदम केसांकडे गेले, मग गाऊनच्या सुरकुत्यांकडे. दोन पावलं टाकून ती थांबली. "चार्ज कोण घेणार?"

"मी घेतो."

तिने चार्ज दिला. सोफ्यावरच्या पेशंटला पाणी बेताने. कोपऱ्यातली म्हातारी झोपेत बडबडते, घाबरायचं नाही. खिडकीजवळचा आज जरा बरा आहे. खोलीतलं सगळं सामान तिने नीट सोपवलं आणि मावशीचा हात धरून ती जिना उतरली.

दंडकताईने पार्टिशनबाहेर येऊन दिवे लावले. टेबलावर दूध-पाव मांडला. वेणी घालावी असं क्षणभर तिला वाटलं. आरशात पाहिल्यावर तिने कंगवा खाली ठेवला. ती खिडकीशी गेली. खाली, अजून उजेड होता त्या रस्त्यावरून, आई येत होती. मावशीला अक्षरशः ओढत, एक खांदा पुढे काढून, वाटेतल्या माणसांना चुकवत. तिची आई घाईघाईने तिच्याकडे येत होती. इतक्या संध्याकाळी खिडकीत काढल्या, पण हे तिने कधीच पाहिलं नव्हतं, कारण आई यायची तेव्हा रस्ता दिसत नसे. तिने खिडकीची चौकट धरली.

जिन्यात पावलं वाजली. तिने दार उघडलं. स्वतःच्या आवाजात, जमेल तितक्या हलक्या आवाजात, ती म्हणाली, "आलीस आई?"

"आले, आले. लवकर सोडलं आज." आईला धाप लागली होती. चेहरा उजळलेला. तिने दंडकताईचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुम्ही थांबलात तिच्याजवळ, फार उपकार झाले. कुठाय पोर?"

"आई, मीच..."

"झोपली का?"

आई आत गेली. पलंगाकडे पाहिलं, दारामागे पाहिलं. तिला हसू आलं. "लपलीस होय गं? ये बाहेर. बघ, आई आज लवकर आली." तिने पडदा बाजूला केला. वाकून पलंगाखाली पाहिलं. कपाट उघडून लटकलेले कपडे एकेक करून सरकवले. "बास झाली मस्करी. ये आता." दंडकताई खोलीच्या मध्यावर उभी होती. आई तिला वळसा घालून शोधत होती.

मग आईचा आवाज बदलला. तिने येऊन दंडकताईचं मनगट धरलं. बोटं रुतली. "तुम्ही होतात ना इथे? मग पोर कुठे गेली?"

"आई, माझ्याकडे बघ. मी मोठी झाले. मीच आहे ती."

"दूध तसंच आहे. ती दूध न पिता जाणार नाही. कुठे गेली माझी पोर?"

जुने फोटो दाखवले. ते पाहून तर ती आणखीच कळवळली, "हीच, हीच, कुणी नेली हिला?" रस्त्यावर धावायला निघाली, मावशीने दारात आडवं उभं राहून तिला अडवलं. आई रडली. मुलीने आईला रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हुंदक्यांनी दमून ती जमिनीवर बसली, आणि शेवटी तिथेच कलंडली.

मावशी तिचे पाय चेपत बसली. खाली बघतच म्हणाली, "राग मानू नका ताई. दवाखान्यात होत्या तोवर पोर घरी सुखरूप होती. आपण घरी आणल्या, आणि पोर हरवली."

सकाळी आई ते सगळं विसरली होती. पोर पुन्हा घरी आली होती, कुठल्याशा खिडकीत बसून वाट बघत होती. संध्याकाळी भिंत तांबूस झाली आणि आई फ्रिजसमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, बोलू का?"

"बोला."

"आज जरा लवकर सोडाल का?"

पार्टिशनच्या फळीला कपाळ टेकवून दंडकताई म्हणाली, "रजा नामंजूर... आहे."

"बरं साहेब."

त्यानंतर हे रोजचंच झालं. मावशी त्या वेळी काहीतरी काम काढून गॅलरीत जाई. स्टुडिओत दंडकाचे नवे भाग येत राहिले. मुलं त्याला हसत राहिली. रेकॉर्डिस्ट म्हणे, "आवाजाला काय धार आलीये हल्ली." संध्याकाळी ती वेळेवर घरी पोचे, खेळणं उलगडलेलं आहे ना ते बघे आणि फळीमागे जाऊन उभी राही. उशीर करून चालत नसे. तिथे कुणी नसलं तर आई नुसती विचारत राहिली असती.

काही दिवस आई नकार ऐकून मुकाट जाई. काही दिवस रेंगाळे. ह्या हिवाळ्यात एकदा ती बरीच रेंगाळली.

"साहेब, एक विचारू? रागावणार नसाल तर?"

"विचारा."

"तुम्हाला मुलं आहेत?"

शेजारच्या घरात कुणीतरी नळ सोडला, बंद केला.

"नाहीत," दंडक म्हणाला. ते खरंच होतं.

"म्हणून," आई म्हणाली. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. आजार ओळखून सांगावा तशी ती बोलली. "तुम्हाला नाही कळायचं. तुमचा दोष नाही. नियम तुम्ही थोडाच केलाय."

ती वळली, आणि पुन्हा मागे आली.

"मग एवढं करा. त्या बाजूला कुणी जाणार असेल, तर घरी एक निरोप द्या."

"सांगा."

"दाराला आतून कडी लाव म्हणावं. गॅसजवळ जाऊ नकोस, दूध गारच पी." आई थांबली. काहीतरी शोधत राहिली. गाऊनची कड तिच्या बोटांत गोळा झाली, सुटली. "आणि म्हणावं, आईने विचारलं होतं. येता नाही आलं. पण विचारलं होतं म्हणावं."

फळीमागे दंडकताईने तोंडावर घट्ट हात धरला, सोडला, श्वास खाली नेला.

"निरोप पोचेल," ती म्हणाली. स्वर वर नाही, खाली नाही.

आईने मान हलवली. सोफ्यावरची चादर तिने कोपऱ्यांत खोचून सारखी केली, खिडकीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ताप आहे का पाहिलं. गॅसवर भात उतू चालला होता. दंडकताईने हात लांब करून आच बारीक केली आणि तिथेच उभी राहिली. बाहेर आई वॉर्डातून फिरत होती, एकेकापाशी थांबत, एकेकाला हलक्या आवाजात धीर देत.